पंडिता रमाबाई

सह्याद्रीच्या रांगेत, आजच्या कर्नाटक राज्यात, गंगामूळ नावाचे दाट अरण्य आहे. अनंतशास्त्री डोंगरे या विद्वान ब्राह्मणाने तेथे आपला आश्रम थाटला होता. स्त्रियांनी संस्कृत शिकणे त्या काळी निषिद्ध मानले जाई; परंतु शास्त्रीबुवांनी आपल्या पत्नीला, लक्ष्मीबाईंना, घरी संस्कृत शिकवले आणि त्यासाठी लोकांचा रोषही पत्करला. या दांपत्याच्या पोटी २३ एप्रिल १८५८ रोजी एक कन्या जन्मली. हीच पुढे पंडिता रमाबाई या नावाने प्रसिद्धीस आली.

आश्रमात विद्यार्थी राहत, यात्रेकरू येत, अतिथीला कधी विन्मुख पाठवले जात नसे. या आतिथ्यात शास्त्रीबुवांची सारी मिळकत संपली. रमा काही महिन्यांची असतानाच कुटुंबाने घर सोडले. वेताच्या पेटाऱ्यात निजवलेल्या या बालिकेचा प्रवास तेव्हा सुरू झाला, तो पुढे कित्येक वर्षे थांबला नाही. देवळाच्या ओवरीत बसून पुराण सांगावे, मिळेल त्या दक्षिणेवर निर्वाह करावा आणि पुढच्या तीर्थाची वाट धरावी, असा या कुटुंबाचा क्रम होता. रमेची शाळा म्हणजे तिची आई. पहाटे तारे मावळण्यापूर्वी लक्ष्मीबाई मुलीला उठवीत आणि मांडीवर घेऊन श्लोक शिकवीत. भागवतातील हजारो श्लोक या मुलीला लहानपणीच मुखोद्गत झाले.

पुढे मद्रास इलाख्यात भीषण दुष्काळ पडला. जेथे लोकांनाच खायला नाही, तेथे पुराणिकाला दक्षिणा कोण देणार? अंगमेहनतीचे काम करणे त्या काळच्या विद्वान कुळाला कमीपणाचे वाटे, आणि दुसरी कोणतीही विद्या त्यांना ठाऊक नव्हती. भांडी विकली, दागिने विकले. अखेर सारे कुटुंब एका अरण्यात शिरले. तेथे अकरा दिवस व अकरा रात्री त्यांनी पाणी, झाडपाला आणि मूठभर रानटी खजुरांवर काढल्या. वृद्ध व अंध झालेल्या शास्त्रीबुवांनी जलसमाधी घेण्याचा निश्चय केला होता. तेव्हा थोरला मुलगा श्रीनिवास पुढे झाला. कुळाचा अभिमान बाजूस ठेवून आपण मजुरी करू, असे त्याने ठरवले. परंतु फार उशीर झाला होता. प्रथम वडील गेले. काही आठवड्यांनी आई गेली. आईचे प्रेत वाहून नेण्यासही कोणी येईना. शेवटी दोघा ब्राह्मणांना दया आली. तिसरा खांदा श्रीनिवासाने दिला आणि चौथी रमा. ती ठेंगणी असल्यामुळे तिने तिरडीचा आपल्याकडील भाग डोक्यावर घेतला. स्मशान तेथून सुमारे ३ मैल दूर होते. काही महिन्यांनी थोरली बहीणही वारली.

एवढ्या कोवळ्या वयात ज्याने उपासमार अशी पाहिली, त्याच्या मनातून ती सहसा जात नाही. रमाबाईंच्याही मनातून ती गेली नाही.

दोघे भावंडे पायी उत्तरेकडे निघाली. पंजाब, काश्मीर, बंगाल, असा हजारो मैलांचा हा प्रवास होता. झेलम नदीच्या काठी एकदा थंडी असह्य झाली आणि पांघरूण तर नव्हतेच. तेव्हा त्यांनी वाळूत दोन खड्डे खणले, त्यांत उतरून डोक्याखेरीज सारे अंग कोरड्या वाळूने झाकून घेतले आणि रात्र काढली. इ. स. १८७८ मध्ये ती कलकत्त्यास पोहोचली. तेथील पंडितांनी रमाबाईंच्या विद्वत्तेची परीक्षा घेतली व त्यांना ‘पंडिता’ आणि ‘सरस्वती’ या पदव्या दिल्या. पण दोनच वर्षांनी श्रीनिवासाचा अंत झाला. त्याच वर्षी, म्हणजे १८८० मध्ये, रमाबाईंनी बिपिनबिहारी मेधावी या बंगाली वकिलाशी विवाह केला. त्यांना मनोरमा ही कन्या झाली. फेब्रुवारी १८८२ मध्ये पटकीच्या आजाराने पती निवर्तले, त्या वेळी मनोरमा वर्षाचीही नव्हती. वयाच्या तेविसाव्या वर्षी रमाबाई पुन्हा एकाकी झाल्या.

तान्ह्या मुलीला घेऊन त्या पुण्यास आल्या, तेथे त्यांनी आर्य महिला समाज स्थापन केला आणि १८८३ मध्ये पुढील शिक्षणासाठी त्या इंग्लंडला गेल्या. वैद्यक शिकावे, असा त्यांचा मानस होता. परंतु कानांचा विकार बळावून ऐकू येईनासे झाले आणि तो बेत सोडावा लागला. वाँटेज या गावी ज्या ख्रिस्ती भगिनींकडे त्या राहत होत्या, त्यांचे एक सेवाकार्य त्यांनी पाहिले. समाजाने टाकून दिलेल्या स्त्रियांना या भगिनी ममतेने जवळ करीत होत्या. येशू ख्रिस्ताच्या चरित्रातील हीच करुणा रमाबाईंच्या मनाला भिडली. २९ सप्टेंबर १८८३ रोजी त्यांनी ख्रिस्ती धर्माची दीक्षा घेतली. तरीही मनाची तळमळ शमली नव्हती. धर्म मिळाला, पण ख्रिस्त मिळाला नाही, असे त्यांना पुढे कित्येक वर्षे वाटत होते. ती शांती त्यांना १८९१ च्या सुमारास लाभली.

दरम्यान १८८६ मध्ये त्या अमेरिकेला गेल्या. तेथील लोकांनी त्यांच्या कार्यासाठी दहा वर्षे द्रव्यसाहाय्य करण्याचे वचन दिले. त्या बळावर ११ मार्च १८८९ रोजी मुंबईत ‘शारदा सदन’ ही विधवांची शाळा निघाली व पुढच्या वर्षी ती पुण्यास आली. पुण्यात मोठे वादळ उठले. सदनात धर्मोपदेश केला जाणार नाही असे ठरले असता काही मुली रमाबाईंच्या प्रार्थनेला येऊन बसत. आपण कोणावर सक्ती केली नाही, असे रमाबाई म्हणत. कोवळ्या मनांवर अशा वातावरणाचा परिणाम होणारच, असे टीकाकार म्हणत. ‘केसरी’ने कठोर टीका केली. रानडे, भांडारकर यांच्यासारखे हितचिंतक दूर झाले आणि अनेक पालकांनी मुली काढून नेल्या. या वादात दोन्ही बाजूंस प्रामाणिक माणसे होती, हे आज शांतपणे वाचताना ध्यानात येते.

सदन कसेबसे सावरले, आणि १८९६ च्या अखेरीस मध्य प्रांतातून दुष्काळाच्या बातम्या येऊ लागल्या.

रमाबाईंपाशी तेव्हा काय होते? सदनातील मुलींपुरता ठरावीक पैसा, आणि अमेरिकेच्या साहाय्याची मुदत सरत आलेली. नव्या माणसांची जबाबदारी घेण्याची त्यांना परवानगी नव्हती की सोय नव्हती. शिवाय दुष्काळ हा शब्द ऐकताच त्यांच्या डोळ्यांपुढे ते अरण्य, ती अकरा दिवसांची उपासमार, डोक्यावरची ती तिरडी उभी राहत असेल. घरातील उबेत बसून राहण्याचा मोह आपल्याला झाला, हे त्यांनी स्वतःच प्रांजळपणे नमूद केले आहे. त्या प्रार्थनेला बसल्या. आपल्याला एकदा मरणाच्या दारातून ज्याने परत आणले, तोच या मुलींनाही अन्न देईल, असा भरवसा मनाशी बांधून त्या उठल्या आणि मध्य प्रांताच्या गाडीत बसल्या.

तेथील दृश्य भयंकर होते. मुलींच्या अंगावर केवळ हाडे व कातडे उरले होते. निराधार मुलींना फसवून नेणारे दुष्ट लोकही टपलेले असत. रमाबाईंनी अशा सुमारे ३०० मुली व स्त्रिया सोडवून आणल्या. त्यांची जात त्यांनी पाहिली नाही. पण पुण्यात तेव्हा प्लेगची साथ होती आणि इतकी माणसे एका ठिकाणी ठेवण्यास अधिकाऱ्यांनी मनाई केली. आता या मुलींना न्यावे कोठे?

पुण्याहून दौंडकडे आगगाडीने जाताना केडगाव हे स्टेशन लागते. सदनाच्या खर्चाला हातभार लागावा म्हणून रमाबाईंनी तेथे फळबागेसाठी जमीन घेऊन ठेवली होती. त्या उजाड माळावर, विंचूकाट्यांची पर्वा न करता, त्यांनी तंबू आणि झोपड्या उभारल्या. बागेसाठी घेतलेल्या जमिनीवर गाव वसले आणि त्याचे नाव पडले ‘मुक्ती’. १९०० च्या सुमारास गुजरात व राजपुताना येथे दुष्काळ पडला तेव्हा तिकडूनही शेकडो मुली आल्या आणि मुक्तीतील माणसांची संख्या १,९०० च्या घरात गेली.

एवढ्या तोंडांना रोज दोन वेळ जेवण लागे. ठरलेले उत्पन्न थोडे. कोठून किती देणगी येईल, हे आदल्या दिवशीही माहीत नसे. येशूने शिकवलेल्या प्रार्थनेत केवळ त्या दिवसापुरत्या अन्नाची मागणी आहे. रमाबाईंनी ती अगदी शब्दशः घेतली. पहाटे त्या सर्वांसह प्रार्थना करीत. मग मात्र प्रत्येकीच्या हाती काम असे; केवळ हात जोडून बसणे त्यांना मुळीच मान्य नव्हते. विहिरी खणल्या गेल्या, शेती पिकू लागली. मुली कापड विणत, तेल गाळत, गाईगुरे सांभाळत. ज्या घराण्याला अंगमेहनत कमीपणाची वाटली होती, त्या घराण्याच्या लेकीने शेकडो मुलींना प्रथम कष्टाची लाज सोडायला शिकवले. अंध मुलींसाठी निराळी व्यवस्था होती व त्यांना बोटांनी वाचण्याची ब्रेल लिपी मनोरमा शिकवीत असे. रमाबाईंची स्वतःची राहणी अत्यंत साधी होती. पांढरे जाडेभरडे लुगडे त्या नेसत आणि मांसाहार त्यांनी अखेरपर्यंत केला नाही.

उतारवयात त्यांनी एक मोठे काम अंगावर घेतले. सर्वसामान्य स्त्रियांना समजेल अशा सोप्या मराठीत सारे बायबल आणावे, यासाठी त्या हिब्रू आणि ग्रीक या भाषा शिकल्या आणि अनेक वर्षे अनुवाद करीत राहिल्या. मुक्तीच्याच छापखान्यात त्याचे खिळे जुळवले जात.

२४ जुलै १९२१ रोजी मनोरमा आईच्या आधी गेली. संस्थेचा भार तिच्या हाती सोपवावा, ही रमाबाईंची आशा होती. त्या त्रेसष्ट वर्षांच्या झाल्या होत्या, कानांनी ऐकू येत नव्हते, शरीर थकले होते. तरी त्या पुन्हा मेजाशी बसल्या आणि उरलेली मुद्रिते तपासू लागल्या. ते काम हातावेगळे झाल्यावर थोड्याच दिवसांत, ५ एप्रिल १९२२ रोजी, केडगाव येथे त्यांनी देह ठेवला.

१९२४ मध्ये तो ग्रंथ प्रसिद्ध झाला. त्याची अक्षरे जुळवणाऱ्या आणि पाने छापणाऱ्या स्त्रिया मुक्तीतच वाढलेल्या होत्या.