चाकात हवा भरणारा पशुवैद्य

आमच्या निर्मलजवळून नागपूर-हैदराबाद राजमार्ग जातो. त्याच्या कडेला मोटारीचे जुने चाक काढून नवे बसविताना आम्ही कितीदा तरी कुतूहलाने पाहत उभे राहिलो आहोत. बोल्टांची भोके, त्यांच्यातील अंतर, मधले छिद्र, रिमचे माप, सारे मोटारीशी जुळावे लागते. मग चाक यंत्रावर फिरवून जेथे ते हलके भरेल तेथे लहानसे वजन लावतात. पोलादी रिमच्या काठावर ते चापाने ठोकून बसवितात. अॅल्युमिनियमच्या रिमला बहुधा आतल्या बाजूने चिकटवितात. तोळाभर धातूने धावत्या गाडीची थरथर थांबते! परंतु चाकाला हा वेग मुळात लाभला तो त्यात कोंडलेल्या हवेमुळे. आणि ती हवा जगाच्या चाकांत भरली जॉन बॉइड डनलॉप यांनी.

डनलॉप यांचा जन्म 5 फेब्रुवारी 1840 रोजी स्कॉटलंडमधील ड्रेगहॉर्न गावी एका शेतकऱ्याच्या घरी झाला. एडिंबरो येथे पशुवैद्यकाचे शिक्षण घेऊन पुढे ते आयर्लंडमधील बेलफास्ट नगरात स्थायिक झाले.

1887 साली त्यांचा लहान मुलगा तीन चाकी सायकल चालवीत असे. तिच्या चाकांना भरीव रबराच्या धावा होत्या. आपल्या बैलगाडीच्या लोखंडी धावेप्रमाणेच त्या दगडी रस्त्यावरचा प्रत्येक धक्का थेट वर पोचवीत. मुलाचा हा त्रास पित्याने क्षुल्लक मानला नाही. त्यांनी रबराच्या नळीत हवा भरली, ती लाकडी चकतीभोवती कापडाने आवळून खिळ्यांनी पक्की केली आणि अंगणात घरंगळत सोडली. भरीव रबराचे चाक लवकरच कलंडले. हवेचे चाक अंगण ओलांडून गेले. 1888 साली त्यांना पेटंट मिळाले. 1889 साली विल्यम ह्यूम या सायकलपटूने अशाच चाकांवर बेलफास्टच्या शर्यती जिंकल्या, तेव्हा लोकांना त्यांचे महत्त्व पटले.

पण लवकरच एक कठीण प्रसंग उभा राहिला. रॉबर्ट विल्यम थॉमसन या स्कॉटिश गृहस्थांनी हीच कल्पना 1845 सालीच नोंदविली होती, असे उघडकीस आले. त्या काळी सायकलींचा प्रसार झालेला नसल्याने ती विस्मृतीत गेली होती. डनलॉप यांना तिची वार्ताही नव्हती. तरीही त्यांचे पेटंट टिकले नाही. टायर रिमवरून सहज काढता-घालता यावा, यासाठीच्या युक्त्याही 1890 साली वेल्च व बार्टलेट या दोघांनी शोधल्या. डनलॉप यांच्या नावाने व्यवसाय जगभर पसरला, पण त्यातील मोठी संपत्ती त्यांच्या वाट्याला आली नाही. 23 ऑक्टोबर 1921 रोजी डब्लिन येथे त्यांचे निधन झाले.

मग श्रेय कोणाचे? आम्हांस वाटते, ते सर्वांचे आहे. कल्पना प्रथम सुचली थॉमसन यांना, ती व्यवहारात रुजविली डनलॉप यांनी, आणि रिमशी तिचा मेळ घातला इतरांनी. यांतील एकाचेही काम उणे झाले असते, तर चाक अडले असते. विद्यार्थिमित्रहो, रिमच्या काठावरचे ते चिमुकले वजन दिसले की एवढे ध्यानी घ्यावे: आपला वाटा लहान असला तरी चालेल, तो योग्य जागी पडला पाहिजे.