टोपीची पिन

माटुंग्याच्या व्हीजेटीआय कॉलेजचं नाव आपल्यापैकी अनेकींनी ऐकलं असेल. १८८७ साली भायखळ्याला सुरू झालेली ही संस्था १९२३ मध्ये माटुंग्याला आली आणि १९९७ पासून तर वीरमाता जिजाबाईंचं नाव मिरवते. आज तिथे मुली मेकॅनिकल इंजिनिअरिंग शिकतात आणि कुणाला त्याचं नवलही वाटत नाही. पण ही संस्था निघाली त्याच्या पुढच्याच वर्षी, तिकडे जर्मनीत, इंजिनिअरिंग कॉलेजची पायरीही न चढलेल्या एका बाईनं भर रस्त्यात गाडीच्या नळीत अडकलेला कचरा काढला आणि गाडी पुढे नेली. मोटारीतून लांबचा प्रवास करणारी जगातली पहिली व्यक्ती म्हणून तिला ओळखतात. तिचं नाव बर्था बेंझ.

बर्थाचा जन्म ३ मे १८४९ चा, फोर्त्सहाइम गावातला. वडील बांधकामाच्या धंद्यात, घर खाऊनपिऊन सुखी. घरच्या बायबलमध्ये मुलांच्या जन्माच्या नोंदी असायच्या. बर्थाच्या नावापाशी वडिलांनी दुर्दैवानं पुन्हा मुलगीच झाली, अशा अर्थाचं लिहून ठेवलं होतं. मोठेपणी ते तिच्या वाचनात आलं, असं सांगतात. काय वाटलं असेल तिला? आपल्याकडे साताऱ्यात २०११ साली ‘नकोशी’ नावाच्या मुलींना समारंभ करून नवी नावं द्यावी लागली. म्हणजे हे दुखणं कुठल्या एका देशाचं नाही.

बर्थाला लहानपणापासून यंत्रांची ओढ. कार्ल बेंझ नावाच्या हुशार पण कफल्लक इंजिनिअरशी तिचं लग्न ठरलं. त्याचं वर्कशॉप भागीदारापायी बुडायला आलं होतं. लग्नात मिळायचे ते पैसे तिनं वडिलांकडून आधीच मागून घेतले आणि त्या वर्कशॉपमध्ये घातले. १८७२ मध्ये लग्न झालं. मुलंबाळं, पैशाची ओढाताण आणि वर्कशॉप, असा संसार सुरू झाला. अखेर २९ जानेवारी १८८६ या तारखेचं मोटारीचं पेटंट मिळालं. तीन चाकांची गाडी! पेटंटवर बर्थाचं नाव मात्र नव्हतं.

गाडी तयार झाली, पण गिऱ्हाईक कुठे होतं? घोड्याशिवाय चालणाऱ्या गाडीवर विश्वास कोण ठेवणार? कार्लचा स्वभाव संकोची, अजून सुधारणा करू म्हणत बसणारा. बर्थानं मग स्वतःच ठरवलं. ऑगस्ट १८८८ मध्ये एका पहाटे, नवऱ्याला न सांगता, ऑयगेन आणि रिशार्ड या दोन मुलांना घेऊन ती गाडीतून माहेरी निघाली. मानहाइम ते फोर्त्सहाइम, शंभर किलोमीटरच्या वरचा रस्ता.

वाटेत काय काय झालं! इंधन संपत आलं. पेट्रोल पंप तर जगातच नव्हता. तिनं वीसलोख गावातल्या औषधाच्या दुकानातून डाग काढायचं लिग्रोईन विकत घेतलं. मग इंधनाच्या बारीक नळीत कचरा अडकला. नळी तुंबली, इंजिनाला इंधन मिळेना, गाडी बंद. बर्थानं डोक्यावरची टोपी केसांत अडकवायची लांब पिन काढली, आपला अंबाड्याचा आकडा असतो ना, तसलीच पण सरळ आणि लांब, आणि तिनं नळी मोकळी केली. पुढे ठिणगीची वायर घासून उघडी पडली, तर मोजे वर धरून ठेवायचा पट्टा काढून तिच्याभोवती गुंडाळला. लाकडी ब्रेक झिजले, तेव्हा चांभाराकडून त्यावर चामडं ठोकून घेतलं. चढावर इंजिन दमलं की उतरून गाडी ढकलायची. अंधार पडता पडता माहेर गाठलं आणि कार्लला तार केली.

आता कुणी म्हणेल, पिन तर कुठल्याही बाईकडे असते. खरंय! पण गाडी का थांबली, दोष ठिणगीत आहे की नळीत, हे ओळखता आलं म्हणून पिनेचा उपयोग झाला. ती ओळख वर्षानुवर्षं नवऱ्याच्या बरोबरीनं वर्कशॉपमध्ये राहून आलेली होती. माघारी आल्यावर तिनं चढावरची अडचण सांगितली आणि कार्लनं गाडीला आणखी एक गिअर बसवला. या प्रवासाचा बोलबाला झाला आणि लोकांचा गाडीवर भरवसा बसू लागला.

१९२६ मध्ये बेंझ आणि डेमलर या कंपन्या एक झाल्या. १९५४ साली टेल्कोनं त्याच डेमलर-बेंझशी करार केला आणि जमशेदपूरला ट्रक बनू लागले. टाटा-मर्सिडीजचे ते ट्रक आपल्या घाटांतूनही धावले. ते पाहायला बर्था नव्हती. कार्ल १९२९ मध्ये गेला. त्याला कार्लस्रूहच्या तंत्रविद्यापीठानं १९१४ मध्येच मानद डॉक्टरेट दिली होती. त्याच विद्यापीठानं बर्थाला मानद सिनेटर केलं ते थेट ३ मे १९४४ ला, तिच्या ९५ व्या वाढदिवशी. दोनच दिवसांनी ती गेली.

मैत्रिणींनो, आजच्या गाड्यांत इंधन गाळायला फिल्टर असतो. नव्या स्कूटर्समध्ये तर कार्ब्युरेटरच्या जागी इंजेक्शन आलं आहे, त्यामुळे तिथे पिन घालायला जाऊ नका, नाजूक भाग बिघडतील. पण मेकॅनिक गाडी उघडेल तेव्हा लांब बाकावर बसून राहू नका. जवळ उभ्या राहा, काय बिघडलं ते विचारा. आणि घरात लेक असेल तर तिलाही शेजारी उभी करा.