फिलिप निकोलाय : मरीच्या दिवसांतील गीतकार

मरण पाहून लेखणी हाती घेतलेले कवी पुष्कळ झाले. कोणी शोक आवरेना म्हणून लिहिले, कोणी गेलेल्याचे नाव मागे राहावे म्हणून. जर्मनीतील पाळक फिलिप निकोलाय यांनी मात्र नित्य प्रेते पुरीत असता जीवनाविषयी लिहिले.

त्यांचा जन्म १५५६ साली मेंगरिंगहाउझन या गावी एका पाळकाच्या घरी झाला. पुढे वाल्डेकच्या राजघराण्यात ते उपदेशक होते, व तेथील विल्हेल्म अर्न्स्ट या बालराजपुत्रास त्यांनी शिकविले. मताच्या वादात ते मोठे कडक असत. विरुद्ध पंथावर त्यांनी जहाल पुस्तके लिहिली. १५९६ साली ते उन्ना या नगरात पाळक झाले.

पुढल्याच वर्षी तेथे मरीची साथ उद्भवली. सुमारे १३०० माणसे दगावली. एकेका दिवशी ३० पर्यंत प्रेतांस मूठमाती द्यावी लागे. पाळकाच्या घरातून कबरस्तान दिसत असे. अशा समयी वादाची पुस्तके काय कामाची? निकोलाय यांनी ती बाजूस ठेविली व सार्वकालिक जीवनाविषयी मनन करून ते रोज लिहून ठेवू लागले. आपण मेलो तर आपले मन कोठे स्थिर होते हे लोकांस कळावे, आणि जगलो तर दुःखितांचे सांत्वन व्हावे, हा त्यांचा हेतू होता.

ते जगले. १५९९ साली तो ग्रंथ छापून निघाला. त्यात त्यांची दोन गीते होती : एक मध्यरात्री वराच्या येण्याने जाग्या झालेल्या कुमारींचे, दुसरे प्रभातताऱ्याचे. त्यांचा तो शिष्य राजपुत्र १५९८ साली कोवळ्या वयातच वारला होता. प्रभातताऱ्याच्या गीतातील सात कडव्यांची आद्याक्षरे जुळविली असता त्याच्या नावाची व पदवीची आद्याक्षरे मिळतात. शोक असा आत लपला आहे. वर ऐकू येतो तो विवाहोत्सवाचा आनंद.

१६०१ साली ते हॅम्बुर्ग येथे पाळक झाले व १६०८ साली निवर्तले. कुमारींच्या गीतावर बाख या थोर संगीतकाराने १७३१ साली मोठी रचना केली. निकोलाय यांची वादाची पुस्तके आज क्वचितच कोणी उघडतो. परंतु कबरस्तानाशेजारी लिहिलेली ती दोन गीते मंडळ्या अद्याप गातात.

प्रिय वाचकहो, मृताच्या घरी जाताना पुष्कळदा आपणांस शब्द सुचत नाहीत. निकोलाय यांनी ते शब्द त्या घडीची वाट न पाहता रोज थोडे थोडे साठविले. आपणही तसे करावे.