बुकर वॉशिंग्टन ह्यांनीं निवडलेलें विद्यालय

शालान्त परीक्षा संपली कीं कोणत्या कॉलेजांत नांव घालावें ह्याचा खल घरोघर सुरू होतो. फी किती, निकाल कसा, वसतिगृह आहे कीं नाहीं, ही सारी चौकशी आपण करितों. तेथें शिकत असतां हातांना कोणतें काम मिळेल, हें मात्र क्वचितच विचारतों. ज्या मुलानें हेंच प्रथम पाहिलें, त्या बुकर टी. वॉशिंग्टन ह्यांचें चरित्र आम्ही येथें थोडक्यांत देत आहों.

त्यांचा जन्म अमेरिकेंतील व्हर्जिनिया प्रांतांत १८५६ सालीं एका गुलाम स्त्रीच्या पोटीं झाला. १८६५ सालीं गुलामगिरी गेली. पण दारिद्र्य गेलें नाहीं. लहानग्या बुकरास प्रथम मिठाच्या भट्टीवर व पुढें कोळशाच्या खाणींत राबावें लागलें. त्या खाणींत दोन मजुरांचें बोलणें त्याच्या कानीं पडलें. हॅम्प्टन येथें कृष्णवर्णीयांसाठीं एक विद्यालय असून, तेथें गरीब विद्यार्थ्यास काम करून जेवणाखाण्याचा खर्च भागवितां येतो व धंदाही शिकावयास मिळतो, असें तें बोलणें होतें. हॅम्प्टन कोठें आहे हेंही त्यास ठाऊक नव्हतें; निवड मात्र तेथेंच झाली.

१८७२ सालीं तो निघाला. वाट सुमारें ५०० मैलांची. रिचमंड शहरीं पैसे संपले, तेव्हां रात्रीं रस्त्याकडेच्या लाकडी पायवाटेखालीं निजावें आणि दिवसां जहाजांतील लोखंड उतरवावें, असा क्रम त्यानें चालविला. हॅम्प्टनला पोंचला तेव्हां खिशांत ५० सेंट उरले होते, आणि अंगावरचे कपडे इतके मळलेले कीं, मुख्य अध्यापिका मॅकीबाई त्यास घेईनात व घालवीनात. कांहीं तासांनीं त्यांनीं त्यास एक वर्गाची खोली झाडावयास सांगितली. त्यानें ती तीनदां झाडली व चारदां पुसली. बाईंनीं आपला हातरुमाल लांकडावर फिरवून पाहिला. धूळ लागली नाहीं. हीच त्याची प्रवेशपरीक्षा! पूर्वीं रफ्नर नांवाच्या एका करड्या बाईंच्या घरीं नोकरी करितांना लागलेली स्वच्छतेची संवय येथें कामीं आली.

जेवणाराहण्याचा खर्च महिना १० डॉलर होता. तो भागविण्यास त्यास इमारतीच्या झाडलोटीचें व शेगड्या पेटविण्याचें काम मिळालें. ह्या विद्यालयाचे संस्थापक जनरल आर्मस्ट्राँग हे हवाई बेटांतील एका मिशनऱ्याचे पुत्र. काम केवळ पैसे भागविण्यापुरतें असेल तर ती मजुरी. त्यांतून शिकविणारा गुरु असेल तर तें शिक्षण, असें आम्हांस वाटतें. असा गुरु त्यांस लाभला. १८७५ सालीं अभ्यासक्रम पुरा झाला. पुढें हॅम्प्टन येथेंच, दिवसां दहा तास काम करून रात्रीं दोन तास शिकणाऱ्यांचा वर्ग त्यांच्या हातीं आला.

४ जुलै १८८१ रोजीं त्यांनीं अलाबामांतील टस्कीगी येथें ३० विद्यार्थ्यांनिशीं स्वतःचें विद्यालय काढलें. इमारती विद्यार्थ्यांनींच बांधावयाच्या असें ठरतांच आईबापांच्या तक्रारी येऊं लागल्या. मुलांस शाळेंत धाडलें तें श्रमांतून सुटावीं म्हणून, आणि तेथेंही त्यांनीं विटाच थापाव्या काय? ज्यांच्या पाठीवर पिढ्यान्‌पिढ्या चाबूक उमटले, त्यांस श्रम म्हणजे गुलामगिरीच वाटावी ह्यांत नवल नाहीं. आम्ही त्यांस दोष देत नाहीं. वॉशिंग्टन मात्र ढळले नाहींत. विटांच्या तीन भट्ट्या एकामागून एक फसल्या. पैसा संपला, तेव्हां त्यांनीं आपलें घड्याळ १५ डॉलरांस गहाण टाकून चौथी लावली. ती साधली. पुढें आसपासचे गोरे लोकही तेथें विटा विकत घेण्यास येऊं लागले.

हातांच्या धंद्यावर इतका भर दिला म्हणजे उच्च विद्या व मताचा हक्क मागें पडतात, असा आक्षेप ड्यूबॉइस ह्या विद्वानांनीं १९०३ सालीं घेतला. तो आम्हांस वाजवी वाटतो. धंदा आला म्हणून कृष्णवर्णीयांस मताचा हक्क आपोआप मिळाला नाहीं.

१४ नोव्हेंबर १९१५ रोजीं वॉशिंग्टन टस्कीगी येथें वारले. विद्यालयाच्या आवारांतच त्यांस पुरलें असून, ती समाधि विद्यार्थ्यांनीं केलेल्या विटांची आहे.