विजेची पावले मोजणारा शास्त्रज्ञ

मृगाआधीचा वळीव असो की सोयाबीन काढणीच्या दिवसांतला परतीचा पाऊस, लातूर-नांदेडच्या शिवारात दुपार कलली की आभाळ भरून येते आणि विजा कडाडू लागतात. वीज पडून माणसे दगावल्याच्या, बैल-म्हशी गेल्याच्या बातम्या दरवर्षी येतात. त्यांतले कित्येक जण पावसापासून बचाव म्हणून झाडाखाली थांबलेले असतात. वीज प्रकाशाच्याच वेगाने येते, असा अनेकांचा समज असतो. प्रत्यक्षात ती कशी आणि किती वेगाने येते, हे कॅमेऱ्याच्या साहाय्याने दाखवून दिले ते बेसिल शॉनलँड यांनी.

शॉनलँड यांचा जन्म १८९६ साली दक्षिण आफ्रिकेतील ग्रॅहम्सटाउन येथे झाला. वडील वनस्पतिशास्त्रज्ञ होते. पहिल्या महायुद्धात शॉनलँड ब्रिटिश सैन्याच्या संदेशवहन विभागात होते. युद्धानंतर केंब्रिजच्या कॅव्हेंडिश प्रयोगशाळेत अर्नेस्ट रुदरफोर्ड यांच्या हाताखाली त्यांनी संशोधन केले आणि १९२२ मध्ये ते केप टाउन विद्यापीठात शिकवू लागले. मायदेशी परतल्यावर त्यांनी वादळी ढगांतील विजेचा अभ्यास हाती घेतला.

चमक डोळ्याला कळेपर्यंत वीज पडून गेलेली असते. मग तिचा वेग मोजायचा कसा? चार्ल्स बॉइज या इंग्रज शास्त्रज्ञाने त्यासाठी एक खास कॅमेरा बनवला होता. त्यात दोन भिंगे वेगाने फिरत. एका क्षणी ती परस्परविरुद्ध दिशांना सरकत असल्याने दोन छायाचित्रांत विजेची रेघ वेगवेगळी वाकडी उमटे. त्या फरकावरून वेळ आणि वेग काढता येई. पण बॉइज यांना कित्येक वर्षे मनासारखे छायाचित्र मिळालेच नाही. जोहान्सबर्गचे पठार मात्र उन्हाळ्यातील दुपारच्या वादळांसाठी प्रसिद्ध. तिथे शॉनलँड आणि त्यांचे सहकारी कॉलेन्स यांनी हा कॅमेरा वापरला आणि १९३४ मध्ये आपले निष्कर्ष प्रसिद्ध केले.

त्या छायाचित्रांत विजेचे दोन भाग वेगळे दिसले. पहिला भाग ढगातून अंधूकपणे खाली उतरतो. तो सलग येत नाही. सुमारे पन्नास मीटरची झेप, निमिषमात्र थांबा, पुन्हा झेप, अशी पावले टाकत येतो. त्याचा सरासरी वेग सेकंदाला साधारण दोनशे किलोमीटर भरतो. तो जमिनीजवळ आला, वाट जुळली, की त्याच वाटेने जमिनीकडून ढगाकडे लखलखाट धावतो. आपण वीज म्हणून पाहतो तो मुख्यतः हा दुसरा भाग. त्याचा वेग प्रकाशाच्या सुमारे एक तृतीयांश, म्हणजे सेकंदाला लाखभर किलोमीटरच्या घरात असतो.

लातूर ते नांदेड हे सरळ रेषेतील अंतर साधारण ११५ किलोमीटर आहे. ते कापायला प्रकाशाला सेकंदाचा अडीच हजारावा भागही पुरेल. विजेच्या लखलखाटाला त्याच्या तिप्पट वेळ लागेल. पावले टाकत येणाऱ्या पहिल्या भागाला अर्ध्या सेकंदाहून थोडा जास्त. आणि आवाजाला? साडेपाच मिनिटांहून अधिक.

पुढे १९३७ मध्ये शॉनलँड जोहान्सबर्गच्या भूभौतिक संशोधन संस्थेचे संचालक झाले. दुसऱ्या महायुद्धात त्यांनी रडार उभारणीचे काम केले. नंतर ब्रिटनमधील हार्वेलच्या अणुसंशोधन केंद्राचे प्रमुखपद सांभाळले. १९६० मध्ये त्यांना सर हा किताब मिळाला आणि १९७२ मध्ये त्यांचे निधन झाले.

त्यांच्या मोजमापाचा शेतातल्या माणसाशी थेट संबंध आहे. तीन-चार किलोमीटर उंचीवरून विजेचा पहिला भाग सेकंदाच्या पन्नासाव्या भागात खाली येतो. माणसाला दचकायलासुद्धा याच्या कितीतरी पट वेळ लागतो. म्हणून वीज पाहून बाजूला होणे अशक्य आहे. शेवटच्या काही मीटरवर ती उंच, एकट्या उभ्या वस्तूकडे वळण्याची शक्यता जास्त असते. मग तो आंबा असो, लिंब असो की मोकळ्या रानात उभा माणूस. पायाळू माणसावर वीज पडते, या समजुतीला काहीही आधार नाही. जन्माच्या वेळी पाय आधी आले की डोके, याच्याशी विजेला देणेघेणे नाही.

या शर्यतीत आपल्याला गाठता येईल असा एकच गडी आहे, तो म्हणजे आवाज. चमक दिसल्यावर आकडे मोजावेत. तीन सेकंदांना साधारण एक किलोमीटर. तिसाच्या आत गडगडाट ऐकू आला, तर काम टाकून पक्क्या घरात किंवा बंद मोटारीत जावे आणि शेवटच्या गडगडाटानंतर अर्धा तास बाहेर पडू नये. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेचे ‘दामिनी’ हे अ‍ॅप मोबाइलवर असल्यास आसपासच्या विजांची सूचना मिळते.

वीज पडलेल्या माणसाच्या अंगात वीज साठून राहत नाही. त्याला हात लावायला भिऊ नये. हृदय आणि श्वास थांबल्यानेच बहुतेक मृत्यू होतात. श्वास नसेल तर लगेच छातीच्या मध्यभागी जोराने, मिनिटाला शंभर ते एकशेवीस वेळा दाब द्यावा, येत असल्यास तोंडाने श्वासही द्यावा आणि दुसऱ्याला १०८ क्रमांकावर फोन करायला सांगावे. मदत येईपर्यंत हात थांबवू नयेत.