मिस्र न लढता मिळालं, पण पुढे काय?

सिकंदर नावाचे चाचा, मामू आपल्या मोहल्ल्यात सापडतातच. हे नाव ज्याच्यावरून आलं तो मकदूनियाचा राजा अलेक्झांडर, जन्म इ.स.पू. 356, अरस्तूचा शागीर्द. वर्गात आम्ही त्याच्या लढाया शिकवतो. पण मिस्र त्याला लढाईशिवाय मिळालं, हे सांगायचं राहून जातं.

इ.स.पू. 332 मध्ये त्याने सूर शहर सात महिन्यांच्या वेढ्यानंतर घेतलं. मग गाझा दोन महिने लढलं आणि पडलं. तिथले पुरुष मारले गेले, बायका-मुलं गुलाम म्हणून विकली गेली. त्यानंतर तो मिस्रच्या सरहद्दीवर आला. इराणी सुभेदार माझाकेसकडे पुरेशी फौज नव्हती. त्याने न लढताच सुभा हवाली केला.

लोकांनीही विरोध केला नाही. इराण्यांनी दहाएक वर्षांपूर्वीच मिस्र पुन्हा जिंकून तिथली देवळं लुटली होती. सिकंदरने उलट केलं. मेंफिसला जाऊन त्याने तिथल्या देवांना आणि एपिस या पवित्र बैलाला बळी अर्पण केले. गाझात क्रूर वागलेला हाच माणूस इथे नरमाईने वागला, आणि मिस्री लोकांनी त्याला फिरऔन मानलं. लक्सरच्या मंदिरातल्या भिंतींवर तो आजही फिरऔनच्या वेशात दिसतो.

इ.स.पू. 331 मध्ये त्याने समुद्रकाठी इस्कंदरिया शहराची पायाभरणी केली. वाळवंटातल्या सीवा इथे अमून देवाच्या पुजाऱ्यांनी त्याला देवाचा मुलगा ठरवलं. कुरआनातले जुलकरनैन म्हणजे हाच का, असं मुलं आम्हाला विचारतात. काही मुफस्सिरांनी तसं मानलं. पण इब्न कसीर यांच्यासारख्या आलिमांनी ते नाकारलं, कारण हा राजा मूर्तिपूजक होता.

त्याच वर्षी तो इराणच्या मोहिमेवर निघाला. वसुली क्लिओमेनीस नावाच्या अधिकाऱ्याकडे होती. त्याने दुष्काळात धान्याच्या व्यापारातून बक्कळ नफा कमावला, जुलूम केला. सिकंदर जिवंतपणी मिस्रला परतलाच नाही. इ.स.पू. 323 मध्ये बाबिलमध्ये वयाच्या 32व्या वर्षी तो वारला. इस्कंदरियाला आली ती त्याची मय्यत.

लोकांच्या श्रद्धेचा मान राखून त्याने गादी मिळवली, हे खरं. पण त्याच लोकांच्या भाकरीचा हिशेब त्याने दुसऱ्याच्या हाती सोडला. मुलांना दोन्ही गोष्टी सांगायला हव्यात, असं आम्हाला वाटतं.