विश्लेषण : संगीतकार माहलर यांचा बळी घेणारा हृदयाच्या झडपेचा संसर्ग काय असतो?

न्यूयॉर्कच्या कार्नेगी हॉलमध्ये २१ फेब्रुवारी १९११ रोजी गुस्ताव माहलर यांनी अंगात ताप असतानाच वाद्यवृंदाचे संचालन केले. ती त्यांची अखेरची मैफल ठरली. १८ मे रोजी व्हिएन्नात त्यांचे निधन झाले. वय अवघे ५०.

दुखणे कधी कळले?

१९०७ च्या उन्हाळ्यात. चार वर्षांची थोरली मुलगी मारिया दगावली आणि त्यानंतर काही दिवसांतच माहलर यांच्या हृदयाच्या झडपेत दोष असल्याचे निदान झाले. लहानपणी होणाऱ्या ऱ्हुमॅटिक फीव्हरमुळे झडप खराब झाली असावी, असे मानले जाते. डोंगर चढणे, पोहणे, सायकल, हे सगळे आवडते छंद बंद झाले. काम मात्र थांबले नाही. त्याच वर्षीच्या डिसेंबरमध्ये ते न्यूयॉर्कला गेले. घसा वारंवार सुजायचा. खरा धोका तिथेच होता.

घशाचा हृदयाशी संबंध काय?

घशातले, हिरड्यांतले जिवाणू अधूनमधून रक्तात उतरतात. निरोगी झडपेवर ते सहसा टिकत नाहीत. खडबडीत झालेल्या झडपेला मात्र चिकटतात आणि गोठलेल्या रक्ताच्या थरात दडून वाढतात. त्या थराचे तुकडे सुटून मेंदूपर्यंत जाऊ शकतात. सुरुवातीला ताप येतो-जातो, त्यामुळे साधा फ्लूच वाटतो.

मग उपचार का झाले नाहीत?

निदानात कसूर नव्हती. माउंट सिनाई रुग्णालयाचे इमॅन्युएल लिबमन यांना संशय आला, सहकारी जॉर्ज बेअर यांनी रक्त घेतले आणि चार-पाच दिवसांत त्यात स्ट्रेप्टोकॉकस जिवाणू वाढलेले दिसले. त्या काळी हे निदान करणारे फार थोडे होते. पण औषधच नव्हते! माहलर यांनी सत्य ऐकून घेतले आणि मायदेशी परतायचे ठरवले. वाटेत पॅरिसमध्येही जिवाणुतज्ज्ञांना दाखवले. उपयोग झाला नाही. पेनिसिलिनचा शोध १९२८ चा, आणि या आजारात ते कामी आले १९४० च्या दशकात.

आज काय करतात?

रक्ताची तपासणी तीच, जोडीला इकोकार्डिओग्राफी. साधारण चार ते सहा आठवडे प्रतिजैविके, बहुतांशी शिरेतून. झडप फारच खराब झाली असेल तर शस्त्रक्रिया. तरीही हा आजार जीवघेणा ठरू शकतो आणि एकदा होऊन गेलेल्यांना पुन्हा गाठू शकतो. म्हणूनच अशा रुग्णांना, तसेच कृत्रिम झडप बसवलेल्यांना दात काढण्यापूर्वी प्रतिजैविक दिले जाते. दंतवैद्याला ही माहिती आधीच सांगावी लागते.